फोन आत्ता बदलावा की थांबावे?

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याच्या फोनची खरी कसोटी बांधावर लागते, कारण २०२१पासून राज्यात सुरू असलेल्या ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे पिकाची नोंद फोनवरून स्वतः करण्यासाठी, उसाचे वा द्राक्षबागेचे छायाचित्र त्या गटातच उभे राहून, जीपीएस, म्हणजे उपग्रहांवरून स्थान ओळखणारी यंत्रणा, चालू ठेवून काढावे लागते. जुना फोन हे काम निमूटपणे करत असेल आणि तक्रार फक्त दुपारीच चार्जिंग संपण्याची असेल, तर बॅटरी बदलून थांबणे शहाणपणाचे. कोयना खोऱ्यात तर ५जीच्या हौसेपोटी पैसे घालण्याआधी, दूरवर पोहोचणारा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे ‘एन२८’, नव्या फोनमध्ये आहे का हे पाहावे. सुरक्षा अपडेट, अर्थात कंपनीकडून येणाऱ्या त्रुटीदुरुस्त्या, बंद झालेल्या फोनवर मात्र बँकेचे व्यवहार ठेवून दिवाळीच्या सवलतीची वाट पाहू नये.