‘सेव्ह’ दाबण्याआधी
वेबसाइटच्या पोटात : भाग सहावा

पावसाळ्यातला शनिवार. ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या एखाद्या होमस्टेकडं खोल्यांची चौकशी जोरात सुरू असते आणि नेमकी तेव्हाच वेबसाइट रुसते. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एकच ओळ : डेटाबेसशी जोडणी होत नाही. मालक पौडच्या पुढं, साइट बनवून देणारा मुलगा हिंजवडीत. दोघंही मुळशी तालुक्यातले, पण बिघाड तालुक्यात नाहीच. तो भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर, बहुधा मुंबईतल्या कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये. (मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला १९२७ पासून वीज होते आणि ती मुंबईला जाते; आता तालुक्याची बुकिंगंही तिकडंच मुक्कामाला गेली आहेत.)

अशा वेळी हात घालावा लागतो तो ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ नावाच्या फाइलला. वर्डप्रेसवर चालणाऱ्या प्रत्येक साइटमध्ये ती असते. डेटाबेसचं नाव, तो वापरणाऱ्या खात्याचं नाव, पासवर्ड, डेटाबेस कुठल्या यंत्रावर आहे त्याचा पत्ता आणि लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या काही गुप्त किल्ल्या, असा तिचा मजकूर. खोल्यांचे दर किंवा पिठलं-भाकरीचा मेनू तिच्यात नसतो; तो डेटाबेसमध्ये असतो. होस्टिंगच्या खात्यात कुणी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि या फाइलमध्ये बदलायचा विसरला, की ती पांढरी ओळ हजर.

दुरुस्तीला मुंबई गाठायची गरज नाही, ब्राउझर पुरतो. प्रश्न एवढाच, की कुठल्या दारानं आत जायचं?

वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमध्ये थीम आणि प्लगइनच्या फाइली बदलायची सोय आहे. २०१७ च्या ४.९ आवृत्तीपासून ती बरीच समंजसही झाली : साइट बंद पाडणारी चूक झाली तर बदल मागं घेते. पण कॉन्फिग फाइल ती दाखवतच नाही. मग काहीजण त्यासाठी वेगळं प्लगइन टाकतात, आणि तिथं खरा धोका. ‘डब्ल्यूपी फाइल मॅनेजर’ हे असंच प्लगइन सात लाखांहून अधिक साइटवर होतं. सप्टेंबर २०२० मध्ये त्यात भगदाड सापडलं. एल-फाइंडर या तयार सामग्रीतली, नमुन्यादाखल दिलेली एक फाइल नाव बदलून चालती ठेवली गेली होती आणि तिच्यातून कुणीही, लॉगिन न करता, साइटवर हवी ती फाइल चढवू शकत होतं. ६.९ आवृत्तीनं ते बुजवलं. तोवर हल्ले सुरू झाले होते. वर्षातून दोनदा लागणाऱ्या कामासाठी बारमाही उघडं दार ठेवण्यात शहाणपण नाही.

शिवाय डॅशबोर्ड काय, प्लगइन काय, दोन्ही वर्डप्रेसच्याच आधारानं उभी. डेटाबेसची जोडणी तुटली की तीही आडवी. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकवर हीच वेळ प्रचंड प्रमाणात आली. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं, आणि दुरुस्तीची साधनं त्याच जाळ्यावर चालणारी! अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावं लागलं. सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम गप्प होते.

म्हणून होमस्टेसाठी भरवशाचं दार होस्टिंग कंपनीचं. बऱ्याच ठिकाणी ते सीपॅनेल असतं; १९९६ पासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर वर्डप्रेसपासून पूर्ण वेगळं आहे. साइट झोपली तरी ते जागं असतं. त्यातलं फाइल मॅनेजर उघडायचं, ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरमध्ये जायचं, फाइलवर उजवी क्लिक करून ‘एडिट’ निवडायचं. एन्कोडिंग विचारलं तर यूटीएफ-८.

इथं मात्र चूक परत फिरवणारं कुणी नाही. ‘सेव्ह’ दाबलं की त्याच क्षणी बदल जगापुढं. आणि चुका फार किरकोळ असतात. पासवर्डभोवतीची अवतरणचिन्हं सरळच लागतात. आयफोनचा कीबोर्ड ती आपणहून वळणदार करून टाकतो, आणि फोनवर टाइप करून व्हॉट्सॲपनं पाठवलेली ओळ जशीच्या तशी चिकटवली की साइट कोसळते. पासवर्डमध्येच एकेरी अवतरणचिन्ह असेल तरी तोच घोळ. नवी ओळ घालायची तर ‘इथून पुढं बदल करू नका’ अशा अर्थाची इंग्रजी टीप येते तिच्या वर. खाली घातली तर वर्डप्रेस तोवर सगळं वाचून पुढं गेलेलं असतं. मराठी साइटवाल्यांनी अक्षरसंचाच्या ओळीला तर उगाच हात लावूच नये. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. ती ओळ चुकली की ‘मुळशी’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

आधी प्रत काढून ठेवा, असं सगळेच सांगतात. ती कुठं ठेवायची हे फार थोडे सांगतात. मूळ फाइल पीएचपी असल्यानं सर्व्हर ती चालवतो, वाचायला देत नाही. तिच्याच शेजारी शेवटी ‘बॅक’ किंवा ‘टीएक्सटी’ लावून प्रत ठेवली, तर पत्ता ओळखणाऱ्या कुणालाही पासवर्डसकट सगळा मजकूर साध्या अक्षरांत दिसू शकतो. २०११ मध्ये फेरॉस अबूखदीजे या प्रोग्रॅमरनं नेमकं हेच दाखवलं होतं : एडिटरनं मागं सोडलेल्या तात्पुरत्या प्रतींमधून साइटचे पासवर्ड उघडे पडतात. प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवावी.

सेव्ह केल्यावर एडिटरची टॅब लगेच बंद करू नये. दुसऱ्या, खासगी टॅबमध्ये साइट उघडून पाहावी. बिघडली असेल तर जुना मजकूर पहिल्या टॅबमध्ये परत चिकटवता येतो. पौडच्या पुढं रेंजचा भरवसा नसेल, तर हे काम मालकानं फोनवर उरकण्यापेक्षा हिंजवडीतल्या मुलालाच करू द्यावं.

पुढच्या आठवड्यात : ‘एचटीॲक्सेस’, नावाआधी टिंब असल्यामुळं फाइल मॅनेजरमध्ये सहसा दिसतच नाही अशी फाइल.