भरलेली घागर

प्राणायामाने शरीरास नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, अशी समजूत आजही सर्वत्र आढळते. ती खरी आहे काय, हे पारखून पाहण्याचे काम एका योग्यानेच अंगावर घेतले. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. नर्मदातीरी मालसर येथे माधवदासजी महाराजांजवळ त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. गुरूंवर त्यांची श्रद्धा होती. तथापि क्ष-किरणांनी व मोजमापांनी योगक्रियांची परीक्षा घेण्यास ती श्रद्धा आड आली नाही. १९२४ साली त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि प्रयोगांचे वृत्तांत ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले.

श्वास आत घेणे म्हणजे पूरक, रोखणे म्हणजे कुंभक आणि सोडणे म्हणजे रेचक. या क्रिया सावकाश करीत असता मोजणी केली, तेव्हा प्राणवायू अधिक मिळतो असे आढळले नाही! याचे कारण सोपे आहे. निरोगी मनुष्याचे रक्त साध्या श्वासानेही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी कोठून मावणार?

मग प्राणायाम व्यर्थ का? मुळीच नाही. विश्रांतीच्या वेळी प्रौढ मनुष्य मिनिटास १२ ते २० श्वास घेतो. ही संख्या सहाच्या आसपास आणली, तर मज्जासंस्थेवरील ताण उतरतो. रक्तदाबही काहीसा कमी होतो. हृदयाची गती पूरकात किंचित वाढते, रेचकात मंदावते. मनगटावर बोटे ठेवून श्वास संथपणे सोडला, तर नाडीतील हा फरक पुष्कळदा बोटांनाच कळतो.