तंजावूरहून नर्सिंगच्या पदवीकडे

अमेरिकेत दुसऱ्या विषयाचे पदवीधर साधारण दीड वर्षात नर्सिंगची पदवी मिळवतात. भारतात तसा मार्ग नाही, बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षे लागतात. मात्र जीएनएम ही नर्सिंगची पदविका पूर्ण करून राज्याच्या नर्सिंग परिषदेकडे नोंदणी केलेल्या परिचारिकेला पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षांत करता येते. काम करत असलेल्या मुलींनी हा मार्ग जरूर धरावा, असे मला मनापासून वाटते.

बारावीनंतर थेट पदवीला जायचे, तर महाराष्ट्रात सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तमिळनाडूत बारावीच्या गुणांवर यादी लागते, म्हणून भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा अभ्यास हीच खरी तयारी. सरकारी जागांचे समुपदेशन चेन्नईतील निवड समिती करते.

तंजावूरच्या मराठी घरांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. तमिळनाडूच्या मागासवर्गीय यादीत ब्राह्मणेतर मराठा समाज आहे, नामदेव मराठ्यांसह. म्हणून आरक्षणासाठी पात्र कुटुंबांनी जातीचा दाखला तहसील कचेरीतून निकालाआधीच काढून ठेवावा. अर्जाची मुदत थोडी असते आणि एका कागदाअभावी हुशार मुलीची जागा जाणे फार वाईट.