शाळाबाह्य मुलांच्या नोंदीचा तक्ता

‘मूल शाळेत जाते काय?’ असे विचारल्यास पालक ‘होय’ म्हणतात. कारण नाव पटावर असते. मग सानगडीच्या परिसरात रोवणीपासून धाकट्या भावंडासाठी घरी राहिलेली मुलगी तक्त्यातून निसटते. ४ जुलै २०१५ च्या राज्यव्यापी सर्वेक्षणात ६ ते १४ वयाचे, महिन्याहून अधिक काळ सतत गैरहजर असलेले मूलही शाळाबाह्य धरले होते. म्हणून तीन स्वतंत्र रकाने आखावेत : पटावर नाव आहे काय, शेवटची हजेरी केव्हाची, न येण्याचे कारण कोणते. एका रकान्यात एकच प्रश्न असावा. तक्ता प्रथम पाच घरी भरून पाहावा; पालक अडखळतील तेथे शब्द बदलावा. माहिती न मिळाल्यास तसे स्पष्ट लिहावे; रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे.