ताशी ऐंशीच्या परीक्षेला बसलेला टायर

घरासमोर मोटार उभी असेल तर तिच्या टायरच्या बाजूला जरा वाकून पाहावे. कंपनीचे नाव आणि आकार सोडून दिला, तर बऱ्याच टायरांवर एका वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि एक आकडा दिसतो. शेजारी लांबलचक क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी ‘एस२डब्ल्यूआर२’ अशी काहीतरी अक्षरे असतात. वर्तुळातला आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा : १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ४ म्हणजे नेदरलँड्स. पुढच्या अक्षरांत ‘एस’ म्हणजे आवाज, ‘डब्ल्यू’ म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड आणि ‘आर’ म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स. दोनचा आकडा म्हणजे नियमाचा दुसरा, अधिक कडक टप्पा. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ११७ क्रमांकाच्या नियमाची ही खूण आहे.

हा नियम सामान्य वाहनचालकाला जाणवतही नाही. जाणवतो तो एका छोट्या जमातीला. स्वतःची रोजची गाडी घेऊन सुटीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे, पैसे भरून दिवसभर मनसोक्त पळवायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी परतायचे, याला ‘ट्रॅक-डे’ म्हणतात. युरोपात ही हौस मोठी आहे. या मंडळींची तक्रार अशी, की पर्यावरणाच्या नावाखाली आमचे चांगले टायर हिरावून घेतले जात आहेत. तक्रारीत तथ्य किती, हे कागदपत्रे वाचून तपासावे म्हणून मी या विषयात शिरलो.

आधी नियम नेमके काय मोजतो ते पाहू. आवाजाच्या चाचणीत गाडीचे इंजिन बंद करून ती ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेगाने नुसती घरंगळत सोडतात आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या मायक्रोफोनने आवाज टिपतात. मोटारीच्या टायरला रुंदीनुसार ७० ते ७४ डेसिबलची मर्यादा आहे. रोलिंग रेझिस्टन्सचा हिशेब असा : टायर फिरताना जमिनीला टेकणारा भाग दर फेऱ्यात दबतो आणि पुन्हा उसळतो. दाबताना घातलेली ऊर्जा सगळी परत मिळत नाही, काही रबरातच उष्णता होऊन जिरते. दुसऱ्या टप्प्यात मोटारीच्या टायरला मर्यादा आहे टनामागे साडेदहा किलोची. म्हणजे १००० किलोचा भार घरंगळत ठेवायला साडेदहा किलो वजनाइतक्या जोरापेक्षा जास्त लागता कामा नये. वाहनाच्या इंधनाचा २० ते ३० टक्के भाग टायरांपायी जातो, असे युरोपीय संघाने आपल्या नियमात नोंदवले आहे. हा आकडा पाहिला की सरकारला टायरात रस का, ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता अडचण कुठे येते? ऊर्जा जिरवणे हा रबराचा दोष खरा, पण पकडही त्याच गुणातून येते. डांबराच्या बारीक खडबडीत रबर घुसते, दबते, आणि सुटताना ऊर्जा गिळते, म्हणून टायर रस्त्याला धरून राहतो. रेझिस्टन्स कमी करायला गेलो की पकड सुटू लागते. यातून वाट निघाली ती भौतिकशास्त्रातल्या एका फटीतून. टायर फिरताना होणारे दबणे सेकंदाला दहा-वीस वेळा होते, तर डांबराच्या कणांवरून घसरतानाचे दबणे सेकंदाला हजारो-लाखो वेळा. सावकाश दबताना कमी आणि झपाट्याने दबताना जास्त ऊर्जा गिळेल असे रबर बनवता आले, तर दोन्ही साधते. काजळीऐवजी सिलिका आणि तिला रबराशी बांधणारे सिलेन वापरून मिशलिनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला असा टायर बाजारात आणला. आज ओल्या रस्त्यावर आपली गाडी जशी थांबते, त्यात या रसायनाचा मोठा वाटा आहे. तेव्हा ‘नियमांनी टायर बिघडवले’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. रस्त्यावरच्या टायरच्या बाबतीत उलटेच घडले.

ट्रॅकचे गणित मात्र वेगळे आहे. तिथे टायर ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतो आणि वळणामागून वळण भार झेलतो. त्यासाठी ‘सेमी-स्लिक’ टायर असतात : मऊ रबर, कमी खाचा, उथळ नक्षी. आपल्या गॅरेजवाल्याने पाहिला तर नवाकोरा असतानाच ‘गोटा झालाय’ म्हणेल असा. या टायरला घरंगळत सोडून ताशी ऐंशीला मोजणे म्हणजे पैलवानाची परीक्षा पळण्याच्या शर्यतीत घेण्यासारखे आहे.

नियमकर्त्यांना हे कळत नव्हते असे नाही. केवळ शर्यतीसाठी बनवलेले टायर नियमातून वगळलेले आहेत. १ ऑक्टोबर १९९० पूर्वी पहिल्यांदा नोंदणी झालेल्या गाड्यांसाठीच बनवलेले टायरही वगळलेले आहेत, म्हणून जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्यांचे फारसे बिघडले नाही. अडकला तो मधला माणूस. त्याचा टायर शर्यतीचा म्हणावा तर त्याला घरून ट्रॅकपर्यंत रस्त्याने जायचे असते, आणि रस्त्याचा म्हणावा तर त्याला हवी असते शर्यतीची पकड. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफचे उदाहरण घ्या. १९२७ साली खुली झालेली ही सुमारे २०.८ किलोमीटरची डोंगरातली वाट. पर्यटकांसाठी ती उघडते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो ट्रॅक नसून टोल भरून जायचा एकेरी रस्ता असतो आणि वाहतुकीचे सगळे नियम लागू राहतात. म्हणजे शर्यतीच्या टायरला मिळालेली सूट, जिथे तिची सर्वांत जास्त गरज आहे नेमकी तिथेच, निरुपयोगी.

श्रीमंतांनी यातून मार्ग काढला आहे. मोठ्या कंपन्या मान्यतेची अक्षरे असलेले सेमी-स्लिक बनवतात; मिशलिनचा पायलट स्पोर्ट कप २ हे त्यातले ठळक नाव. पण आवाज, ओली पकड आणि रेझिस्टन्स सांभाळून ट्रॅकवर टिकणारा टायर घडवायला संशोधन लागते आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाच्या माथी येते. जुन्या छोट्या हॅचबॅकवर स्वस्तातले मऊ टायर चढवून हौस भागवणाऱ्या पोराला हे टायर परवडत नाहीत, आणि कित्येकदा त्याच्या चाकाच्या आकारात ते मिळतही नाहीत. माझ्या मते या बाबतीत हौशी मंडळींची बाजू रास्त आहे. वर्षातून चार-सहा दिवस वापरायच्या टायरने देशाच्या इंधनात किंवा गोंगाटात पडणारा फरक नगण्य असतो.

दुसरी तक्रार तेलाची. रबर मऊ करायला पूर्वी खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारे सुगंधी वर्गातले तेल घालत (‘सुगंधी’ हा रसायनशास्त्राचा शब्द, वास घ्यायला जाऊ नये). स्वस्त, रबरात छान मुरणारे, पकड देणारे. पण त्यात कर्करोगाला कारण होणारी बहुचक्रीय संयुगे असत. १ जानेवारी २०१० पासून युरोपने टायरच्या तेलात बेन्झोपायरीन किलोमागे १ मिलिग्रॅम आणि अशा आठ संयुगांची बेरीज १० मिलिग्रॅम एवढीच मर्यादा घातली. जुने मिश्रण अधिक चिकट होते, अशी हळहळ अजून ऐकू येते. असेलही. पण झिजलेल्या रबराची धूळ ट्रॅकच्या कडेला उभे राहणाऱ्यांच्याच छातीत आधी जाते.

झिजेपाशी आले की हौशी माणसाची बाजू लंगडी पडते. टायर तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी नावाचे द्रव्य घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन जे नवे रसायन बनते, तेच अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन मासे मरण्याचे कारण आहे, हे वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ पासून ६पीपीडी असलेल्या टायरांच्या उत्पादकांना पर्याय तपासणे बंधनकारक केले. पाठोपाठ २०२४ मध्ये युरोपीय संघाचा ‘युरो ७’ नियम मंजूर झाला. धुराच्या नियमात टायरची झीज पहिल्यांदाच आली आहे आणि मोटारीच्या टायरपासून सुरुवात करून २०२८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होईल. झीज मोजण्याच्या एका पद्धतीत गाड्यांचा ताफा रस्त्यावरून सुमारे ८,००० किलोमीटर चालवतात आणि टायरचे वजन किती घटले ते पाहतात. सेमी-स्लिकची पकड मऊपणात असते आणि मऊ म्हटले की झीज आलीच. आवाजाच्या बाबतीत ‘आमचा काय मोठा वाटा’ हे म्हणणे चालते. एका दुपारी नक्षी संपवणाऱ्याला झिजेबाबत तसे म्हणता येत नाही.

आपल्याकडे काय? ११७ क्रमांकाच्या नियमाचे भारतीय रूप म्हणजे एआयएस-१४२. वाहनांची ही मानके पुण्याच्या ‘एआरएआय’मधून प्रसिद्ध होतात. नव्या रचनेच्या टायरांना हे मानक १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाले. पण ते मोटारी, बस आणि ट्रक यांच्या टायरांसाठी आहे, दुचाकीसाठी नाही. आणि आपले ट्रॅक-डे प्रामुख्याने दुचाकींचे. पुण्या-मुंबईची मुले चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर जातात ती बाइक चालवायला. परदेशी मऊ टायर मिळत नाहीत, मिळालेच तर भाव डोळे पांढरे करतो, यासाठी ती ‘पर्यावरणवाल्यां’ना बोल लावतात. खरे कारण दुसरेच आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. तो व्यापाराचा निर्णय होता, त्यात हवा-पाण्याचा संबंध नाही.

पर्यावरणाचा म्हणावा असा जो नियम या बाइकवाल्यांपर्यंतही पोचतो, तो टायर संपल्यानंतरचा. जुलै २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार उत्पादक आणि आयातदार यांनी विकलेल्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यांच्यावरच आली : पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७० आणि २०२४-२५ पासून आदल्या ठरावीक वर्षाच्या मालाइतकी पूर्ण १०० टक्के. भट्टीत जाळून तेल काढण्यासाठी टाकाऊ टायर आयात करायला बंदी झाली. हा हिशेब वजनावर चालतो. हंगामात तीन जोड संपवणाऱ्याच्या वाट्याचे वजन, ऑफिसला जाण्यापुरता एक जोड चार वर्षे पुरवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भरते, आणि त्याचा खर्च पुढच्या जोडाच्या बिलातच येतो.