घरच्या वर्कशॉपसाठी कॉम्प्रेसर घेताय? एचपीच्या आधी सीएफएम बघा

"एक एचपीचा घेऊ की दोन?" कॉम्प्रेसर घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. दुकानातही एचपी आणि टाकीचे लिटर सांगतात आणि विषय संपतो. पण आपलं काम होणार की नाही, हे या दोन आकड्यांवरून कळत नाही. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, रोजचं काम सॉफ्टवेअरचं आणि घर एडवणला, समुद्राच्या बाजूला. म्हणून घरची सिंगल फेज लाईन, बेताचं बजेट आणि खारी दमट हवा हे तिन्ही धरूनच सांगतो.

टाकी म्हणजे बफर, पंप म्हणजे नेटचा स्पीड

नेट स्लो असलं तरी बफर भरलेला असेपर्यंत व्हिडिओ चालतो. बफर संपला की गोल गोल फिरत बसतं. कॉम्प्रेसरचंही तसंच आहे. पंप मिनिटाला किती हवा देतो ते सीएफएममध्ये, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट असं मोजतात. १ सीएफएम म्हणजे साधारण २८ लिटर.

एक हिशोब करू. समजा सँडरला ८ सीएफएम लागतात, म्हणजे मिनिटाला सुमारे २२६ लिटर हवा. पंप देतो ४ सीएफएम, म्हणजे ११३ लिटर. तूट राहिली मिनिटाला ११३ लिटरची. ५० लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत जवळपास १०० लिटर हवा देते. म्हणजे पंप चालू असतानाही ५०-५५ सेकंदांत दाब पडतो. २४ लिटरची टाकी असेल तर २५ सेकंदांतच. मोठ्या टाकीने अडचण थोडी पुढे ढकलली जाते, सुटत नाही.

लेबल वाचताना अजून एक गोष्ट बघा. काही ठिकाणी पिस्टन डिस्प्लेसमेंटचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो कागदावरचा हिशोब असतो. आपल्याला हवा तो फ्री एअर डिलिव्हरीचा, म्हणजे एफएडीचा आकडा, आणि तोही ६ बारला, म्हणजे साधारण ९० पीएसआयला. लहान मशीनमध्ये एका एचपीमागे ३ सीएफएमच्या आसपास धरा, स्वस्तातल्या मशीनमध्ये त्याहूनही कमी.

आधी काम ठरवा, मग मशीन

- टायरमध्ये हवा भरणं, ब्लो गनने धूळ उडवणं, लाकूडकामात ब्रॅड नेलरने बारीक खिळे मारणं: १ एचपी आणि २४ लिटर पुरेसं आहे.
- अर्धा इंची इम्पॅक्ट रेंच: ४-५ सीएफएम लागतात, पण तो एका वेळी काही सेकंदच चालतो. २ एचपी, ५० लिटरवर काम होतं.
- सँडर, ग्राइंडर, मोठी स्प्रे गन: ही टूल्स सतत हवा खातात, ८ ते १२ सीएफएम किंवा जास्तच. घरगुती लहान कॉम्प्रेसरवर यांचा नाद करू नका. सँडर आणि ग्राइंडर सरळ विजेवरचे घ्या, कितीतरी स्वस्तात पडतं.

टूलवर लिहिलेल्या सीएफएमपेक्षा दीडपट एफएडी असलेला कॉम्प्रेसर बघा. लहान मशीन सतत चालवण्यासाठी नसतं, मध्ये मध्ये त्याला थंड व्हायला वेळ लागतो.

वीज

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट. मोटरची कार्यक्षमता धरली तर २ एचपीचं मशीन चालताना १० अँपिअरच्या आसपास घेतं आणि सुरू होताना त्याच्या काही पट. त्यामुळे ६ अँपिअरचा सॉकेट विसरा, अर्थिंग असलेला १६ अँपिअरचाच हवा. बारीक वायरचं लांब एक्स्टेंशन लावलं तर व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरत राहते आणि जळू शकते. काम लांब असेल तर वायर नको, हवेचा होज लांब घ्या.

किनाऱ्यावरचा खरा शत्रू: पाणी

एडवण, केळवे, दातिवरे या पट्ट्यात हे सगळ्यात महत्त्वाचं. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. मिनिटाला १०० लिटर हवा ओढणारा पंप तासात ६ घनमीटर हवा दाबतो. दाबलेल्या हवेत एवढी वाफ मावत नाही. तासाभरात जवळपास १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ग्लास पाणी टाकीच्या तळाशी जमतं.

हे पाणी टाकीला आतून गंजवतं. बाहेरचा रंग चकचकीत असतो आणि आतून पत्रा पातळ होत जातो. अशी टाकी ८ बारला फाटली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून काम संपलं की दाब कमी करा आणि खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून पाणी काढा. रोज. टूलच्या आधी वॉटर सेपरेटर लावा, आणि एअर मोटर असलेल्या टूलमध्ये वापरण्याआधी एअर टूल ऑइलचे दोन-चार थेंब टाका. भिंतीवरून हवेची लाईन न्यायला पाण्याचा पीव्हीसी पाईप वापरू नका. तो फुटला की त्याचे तुकडे उडतात.

जुना घेताना

बोईसर-तारापूर एमआयडीसी जवळ असल्यामुळे कारखान्यातला जुना कॉम्प्रेसर घ्यायचा विचार मनात येतो. त्यात दोन गोष्टी तपासा. एक, मोटर थ्री फेजची आहे का? असेल तर घरच्या सिंगल फेजवर ती तशीच्या तशी चालणार नाही, आणि मोटर बदलायचा खर्च धरला की स्वस्ताई संपते. दोन, टाकी. कारखान्यात दाबाच्या उपकरणांसाठी कायद्याचे नियम असतात. घरी तपासायला कोणी येत नाही. टाकीची हायड्रोलिक टेस्ट झाल्याचा कागद नसेल, ड्रेनमधून गंजाचं लाल पाणी येत असेल किंवा टाकीला नंतर वेल्डिंग केलेलं दिसत असेल, तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

बजेट कमी असेल तर पैसे या क्रमाने घाला: चांगली टाकी, चालू सेफ्टी व्हॉल्व्ह, खरा एफएडी, मग टूल्स. पाच-सहा टूल्सचा सेट नंतरही घेता येतो. आणि घरात नुसत्या सायकल-स्कूटरच्या टायरमध्येच हवा भरायची असेल, तर कॉम्प्रेसर घेऊच नका. १२ व्होल्टचा छोटा इन्फ्लेटर बस झाला.