सेरोटोनिन आणि समुद्री गोगलगायीची आठवण

सेरोटोनिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणायची पद्धत पडली आहे. ती अर्धवट आहे. शरीरातले बहुतेक सेरोटोनिन तर आतड्यात असते! मेंदूतले त्याचे एक महत्त्वाचे काम, म्हणजे आठवण पक्की करणे, कळले ते अ‍ॅप्लिसिया या समुद्री गोगलगायीमुळे. तिच्यात चेतापेशी जेमतेम 20 हजार, पण आकाराने मोठ्या. चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांना 2000 साली मिळालेल्या नोबेलमागे हाच प्राणी होता.

गोगलगायीच्या शेपटीला विजेचा झटका दिला की सेरोटोनिन स्रवते आणि नंतर साध्या स्पर्शानेही ती कल्ला जोरात आत ओढते. काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींवर सेरोटोनिन एकदाच सोडले, तर दोन पेशींमधला सांधा, म्हणजे सिनॅप्स, काही मिनिटे बळकट होतो. तेच थांबून थांबून पाच वेळा सोडले, तर संदेश पेशीकेंद्रकापर्यंत जातो, क्रेब नावाचे प्रथिन जनुके जागी करते आणि नवे सांधे फुटतात. प्रत्यक्ष प्राण्याला बरेच दिवस झटके दिल्यावर या सांध्यांची संख्या दुपटीच्या आसपास गेलेली आढळली.

पण फुटलेला सांधा आपोआप टिकत नाही. त्याच जागी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. ती रोखली, तर वाढ तीनेक दिवसांत ओसरते. ही स्थानिक निर्मितीही सेरोटोनिनच सुरू करते.

माणसात सेरोटोनिनचे ग्राही, म्हणजे ते टिपणारी पेशीवरची प्रथिने, डझनभराहून अधिक प्रकारचे असल्याने गोगलगायीचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही.